एकट्या घराला मीराबाई हवी



‘माय मरो पण मावशी उरो’ ही म्हण आपल्या आजी-पणजीच्या तोंडची. ऐकायला ती कठोर वाटते, परंतु तिच्यात पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव साठवलेला आहे. आई-बापांपैकी एक जण गेला किंवा संसार टाकून निघून गेला, तरी लेकरू वाढते; मात्र त्याच्याजवळ आणखी एक मोठे माणूस असावे लागते. एकाच माणसाने मजुरीला जायचे, रांधायचे, दवाखाना करायचा, शाळेत जायचे, कचेरीत रांगेत उभे राहायचे आणि रात्री लेकराचे म्हणणेही ऐकून घ्यायचे, हे फार दिवस चालत नाही. कुठेतरी काहीतरी सुटते. आणि जे सुटते ते बहुतेक वेळा लेकराच्याच वाट्याचे असते.

आपल्या वस्तीत अशी एकट्या पालकाची घरे किती आहेत, हे प्रत्येकाने बोटांवर मोजून पाहावे. कुणाचा नवरा दारूने गेला, कुणाचा अपघातात गेला. कुणी पुण्याकडे कामाला म्हणून गेला तो परतलाच नाही. कुणाची बायको बाळंतपणात किंवा आजारात दगावली. आणि काही घरांतील बापाने कर्जाला कंटाळून आपला जीव दिला.

आपला वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. सहा तालुके, सोयाबीन, तूर आणि कापसाचे बहुतांश कोरडवाहू रान. पुढे जुलै २००६ मध्ये त्या वेळचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग विदर्भात आले आणि शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. त्या सहांत वाशिम होता. त्याच वर्षीच्या शासन निर्णयाने पात्र ठरलेल्या कुटुंबास एक लाख रुपयांची मदत ठरली. ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीत. ‘पात्र’ हा शब्द मात्र नीट वाचावा. ज्या घराच्या नावावर सातबारा नाही, जो दुसऱ्याचे रान बटाईने किंवा मक्त्याने करतो, ज्याचे कर्ज बँकेचे नसून बिनपरवाना सावकाराचे आहे, त्याचे घर अपात्रांच्या यादीत जाते. आपल्या समाजातील अनेक घरे याच प्रकारची आहेत. आणि पैसे मिळोत वा न मिळोत, उद्या सकाळी त्या लेकरांची वेणी-फणी करून त्यांना शाळेत कोण धाडणार, हा प्रश्न त्या घरापुरताच उरतो. पंधरा दिवस शेजारपाजार येतो-जातो. मग ज्याच्या-त्याच्या मागे ज्याचे-त्याचे पोट असते.

अशा वेळी आम्हांला मीराबाईची आठवण होते. बाबासाहेबांचे चरित्र आपण दरवर्षी एप्रिलमध्ये सांगतो, परंतु मीराबाईचे नाव किती जण घेतात? बाबासाहेबांच्या मातोश्री भीमाबाई १८९६ च्या सुमारास साताऱ्यास वारल्या. भीमराव तेव्हा पाच-सहा वर्षांचे पोर. फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार रामजी आणि त्यांची लेकरे, असे ते घर उघडे पडले. ते सावरले रामजींच्या बहिणीने, मीराबाई आत्याने. शरीराने अधू असलेली ती बाई. पण तिने चूल सांभाळली, भावाची लेकरे सांभाळली, भीमरावाला माया दिली. घरात दुसरे मोठे माणूस होते म्हणून रामजींना बाप म्हणून जे करायचे ते करता आले. पुढे मुंबईत परळच्या डबक चाळीत एका खोलीचे बिऱ्हाड असताना रामजी रात्री दोन वाजेपर्यंत जागत, त्या वेळी भीमरावाला अभ्यासाला उठवत आणि मग स्वतः अंग टाकत. पुस्तकाला पैसे नसले की लग्न झालेल्या मुलींकडे जाऊन त्यांचा दागिना मागून आणत, गहाण ठेवत आणि पेन्शन हाती आली की सोडवून परत देत. म्हणजे एका मुलाच्या शिक्षणामागे एक बाप, एक आत्या आणि दोन बहिणी उभ्या होत्या.

जोतीराव फुल्यांची हकिकतही अशीच. त्यांची आई चिमणाबाई जोतीराव अगदी तान्हे असताना वारली. वडील गोविंदरावांनी दुसरे लग्न केले नाही. जोतीरावांना वाढवले ते नात्यातील बालविधवा सगुणाबाई क्षीरसागर यांनी. एका मिशनऱ्याच्या घरी मुले सांभाळण्याचे काम त्या करीत. शिक्षणाने काय होते हे त्यांनी तिथे डोळ्यांनी पाहिले आणि तीच ओढ आपल्या हातच्या मुलाला लावली. सिद्धार्थ गौतमाची आई महामायाही त्याच्या जन्मानंतर सातव्या दिवशी गेली आणि महाप्रजापती गौतमीने त्याला आपले दूध पाजून मोठे केले. एकट्या पालकाच्या घरातील लेकरू ‘वाया जाणारच’ असे जे कुणी ओट्यावर बसून बोलतात, त्यांनी ही तीन नावे लक्षात ठेवावीत.

आता आपल्या वस्तीकडे पाहू. आजची आत्या स्वतः रोजाने जाते. आजीही निंदणाला जाते. मावशी दुसऱ्या तालुक्यात. तेव्हा रक्ताची मीराबाई प्रत्येक घराला मिळणार नाही. मग ते घर कसे मोडत जाते, हे आम्ही अनेक वर्षे पाहत आलो आहोत.

पहिली सुटते ती थोरल्या मुलीची शाळा. सोयाबीन सोंगणीचे दिवस आले की माय सकाळीच मजुरांच्या गाडीत बसते. धाकटे लेकरू कुणापाशी ठेवायचे? थोरलीपाशी. आधी आठवड्याचे दोन दिवस बुडतात, मग सहामाही परीक्षा बुडते, मग कापूस वेचणी लागते आणि पोरगी स्वतःच म्हणते, माय, मी आता शाळेत जात नाही. मायला वाटते, पोरगी समजूतदार झाली. त्यानंतर वर्ष-दीड वर्षात कुणीतरी पाहुणा ‘चांगले स्थळ आहे, बापावाचून पोरगी, जबाबदारीतून मोकळी हो’ असे सांगत दारात येतो. मुलीचे वय असते चौदा नाहीतर पंधरा. अठराच्या आत मुलीचे लग्न लावणे हा २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि १०९८ या क्रमांकावर कुणालाही त्याची खबर देता येते, हे वस्तीतल्या प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे. परंतु खबर देण्याची पाळी येण्याआधी, सोंगणीच्या त्या पहिल्या आठवड्यातच धाकट्या लेकराची सोय झाली असती तर पुढचे सगळे टळले असते.

मुलाचे दुखणे निराळे. बापाचे प्रेत घरात असतानाच मोठी माणसे त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणतात, ‘आता तूच घरचा कर्ता.’ मालेगाव तालुक्यातील एका भगिनीने आम्हांला सांगितले, “भाऊ, माह्या पोराले सारे म्हनतात, आता तूच मोठा. पोरगं बारा वर्साचं हाये. रात्री उठू उठू दाराची कडी पायते.” बारा वर्षांच्या मुलाने कडी पाहत जागावे, हा कर्तेपणा झाला काय? त्याला घरकामात हात लावू द्यावा, हिशेब शिकवावा. पण घर तुझ्या जिवावर आहे असे त्याला सांगू नये. ते ओझे घेऊन तो दुसऱ्याच वर्षी हॉटेलात नाहीतर वीटभट्टीवर जातो.

आणखी एक नाजूक बाब आहे. ज्या घरात बापाने जीव दिला, त्या घरात ही गोष्ट लेकरांपासून लपवतात. परंतु शाळेच्या पटांगणात दुसरे पोर ती गोष्ट तोंडावर फेकतेच. तसे ऐकण्यापेक्षा मायच्या तोंडून ऐकलेले बरे. बाबा फार खचले होते, त्यांचे मन आजारी झाले होते, त्यांना मदत मागता आली नाही, आणि यात तुझी काहीएक चूक नाही, एवढे साध्या शब्दांत सांगावे. शेवटचे वाक्य पुन्हा पुन्हा सांगावे. कारण मी फीचे पैसे मागितले म्हणून बाबा गेले, असे लेकरे मनात धरून बसतात आणि कुणाला बोलत नाहीत. नवऱ्याने टाकलेल्या भगिनींनाही आमचे सांगणे आहे की, नवऱ्यावरचा राग रास्त आहे, पण ‘तू बापावरच गेलास’ हे वाक्य लेकराला कधीही ऐकवू नये.

एकट्या पुरुषांविषयीही लिहिले पाहिजे. बायको गेली की वर्षाच्या आत आपण त्याच्यासाठी मुली पाहायला निघतो आणि विधवेला सांगतो, ‘लेकरांकडे पाहून दिवस काढ.’ हा न्याय कुठला? पुनर्विवाह दोघांनाही करता आला पाहिजे. परंतु तो लेकरांना समजावून करावा. रामजींनी पुढे दुसरा विवाह केला. आपल्या आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून लहान भीमरावाला किती वाईट वाटे, हे चरित्रकारांनी नोंदवले आहे. आईची एखादी वस्तू लेकरासाठी बाजूला ठेवावी, नव्या माणसाला ‘आई’ किंवा ‘बाबा’ म्हणण्याची बळजोरी करू नये. आणि जो बाप एकट्यानेच लेकरे वाढवू पाहतो, त्याला कुणी ‘बायकी कामे करतो’ म्हणून हसू नये.

आता कागदांविषयी. आम्ही पडलो कारकून. आमचा सारा जन्म फायलीत. परंतु आम्ही अनुभवाने सांगतो की एकट्या घराचे निम्मे हाल कागदांवाचून होतात. एक जाड थैली घ्यावी. तीत मृत्यूचा दाखला, लेकरांचे जन्मदाखले, आधार, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक, उत्पन्नाचा दाखला, शाळेचे बोनाफाईड, जातीचा दाखला, सातबारा असल्यास त्याचा उतारा, आणि प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स ठेवाव्यात. नवऱ्याने टाकलेल्या भगिनींनी एक गोष्ट वेळेवर करावी. सासरी बोलाचाली चालू आहे तोवरच नवऱ्याच्या आणि सासऱ्याच्या शाळेचा निर्गम उतारा काढून ठेवावा. लेकरांच्या जात पडताळणीला बापाकडचे १९५० च्या आधीचे पुरावे मागतात आणि त्या वेळी सासरचे लोक कागद दडवून बसतात. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर आणि तहसीलमधील कोतवाल बुक यांची नक्कल रीतसर अर्ज करून मागता येते.

थैली तयार झाली की तीन-चार दारे ठोठवावीत. तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. ती १९८० पासूनची. गरीब विधवा व परित्यक्ता भगिनींना तिच्यातून दरमहा १,५०० रुपये मिळतात. दारिद्र्यरेषेखालील घरचा कमावता माणूस साठीच्या आत गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २० हजार रुपये एकदाच मिळतात. त्याचा अर्जही तिथेच. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. एकट्या पालकाच्या गरजू मुलाला अठरा वर्षांपर्यंत या योजनेतून २०२३ पासून दरमहा २,२५० रुपये आहेत, आणि बाप एकटा असला तरी त्याच्या मुलांना ती लागू आहे. मुलगा-मुलगी पुढे शिकायला निघाले की समाजकल्याणचे वसतिगृह, आणि तिथे जागा न मिळाल्यास स्वाधार योजना, यांची चौकशी करावी.

जमिनीचे प्रकरण असेल तर तिथे गप्प बसू नये. नवरा गेल्यावर विधवा ही मुला-मुलींच्या बरोबरीची वारस असते. दीर-भासऱ्यांनी ‘तुझे काय आहे इथे’ असे म्हणून काही होत नाही. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे तीन महिन्यांच्या आत द्यावा. सातबाऱ्यावर लेकराच्या नावापुढे अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणून आईचे नाव लागते. अज्ञान मुलाच्या मालकीची जमीन कोर्टाच्या परवानगीवाचून विकता येत नाही, हेही दीर-भासऱ्यांना शांतपणे ऐकवावे. परित्यक्तांसाठी पोटगी आहे. पूर्वीचे कलम १२५, ते १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत १४४ झाले. लेकरांची पोटगी हा लेकरांचा स्वतःचा हक्क आहे. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नये. स्त्रियांना आणि अनुसूचित जातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील द्यावा असा १९८७ चा कायदा आहे. त्यासाठी कोर्टातच विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करायचा असतो.

हे सारे आम्ही लिहिले खरे, पण वाचून कुणी म्हणेल, मानोऱ्याच्या किंवा रिसोडच्या खेड्यातली रोजाने जाणारी बाई एवढी दारे कधी ठोठवणार? वाशिमला एक फेरी म्हणजे एक रोजी बुडाली आणि वर एसटीचे भाडे. साहेब जागेवर नसले तर दुसरी फेरी. एका कचेरीत आमच्या देखत एका परित्यक्ता भगिनीला ‘नवऱ्याची सही घेऊन या’ असे सांगण्यात आले. नवरा सही द्यायला जवळ असता तर ती तिथे कशाला आली असती? ती बिचारी मान खाली घालून निघाली होती. तिच्यासोबत तिच्या शेजारची एक बचत गटातली बाई होती, ती म्हणाली, “साहेब, हे तुम्ही कागदावर लिहून द्या.” मग अर्ज घेतला गेला. कचेरीत एकटी गेली की मिळणारे उत्तर आणि दोघी गेल्या की मिळणारे उत्तर यांत हा एवढा फरक असतो. त्या शेजारणीने त्या दिवशी एक पैसाही दिला नाही. ती फक्त सोबत गेली.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक वस्तीतील महिला मंडळाने किंवा बचत गटाने एकट्या पालकाच्या घरांची नावे काढावीत आणि एकेका घराला एकेक माणूस नेमून द्यावे. वर्गणी गोळा करण्याची आवश्यकता नाही. त्या माणसाने चार कामे करायची. कचेरीत आणि कोर्टात सोबत जायचे. शाळेत आपले नाव दुसरे पालक म्हणून सांगून ठेवायचे, म्हणजे लेकरू दोन दिवस गैरहजर राहिले की मास्तर कुणाला तरी विचारतील. सोंगणीच्या आणि वेचणीच्या दिवसांत धाकट्या लेकराची सोय पाहायची. आणि आठवड्यातून एकदा त्या घरी बसून चहा घ्यायचा, पालकाचे ऐकून घ्यायचे. संध्याकाळी विहारात किंवा समाजमंदिरात दोन तास दिवा लावून मुलांना अभ्यासाला बसवता आले तर आणखी चांगले. हे काम बायकांनी किंवा जोडप्याने घ्यावे, एकट्या पुरुषाने घेऊ नये. लोकांच्या जिभेला हाड नसते आणि लेकरांची सुरक्षितताही पाहिली पाहिजे. एकटा बाप असलेल्या घरीही वयस्क जोडपे जावे.

आणि मान द्यावा. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाने मे २०२२ मध्ये विधवांच्या बांगड्या फोडण्याची, कुंकू पुसण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. आपण म्हणतो, आम्ही रूढी केव्हाच सोडल्या. मग लग्नाच्या हळदीला त्या बाईला मागच्या ओळीत कोण बसवते? तिच्याच मुलीच्या लग्नात मंचावर चुलता-चुलतीला कोण बोलावते? लेकरू हे सगळे पाहत असते. आपल्या मायला लोक कुठे बसवतात, यावरून ते स्वतःची किंमत ठरवते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाच्या नावानंतर आधी आईचे नाव लिहिण्याचा निर्णय राज्याने केला आहे. कागदावर ती पुढे आली. मंडपातही ती पुढे यावी.

शेवटी एकट्या पालकांना दोन शब्द. मदत मागणे म्हणजे हात पसरणे नव्हे. रामजी सुभेदारांनी लेकींकडे दागिना मागितला, बहिणीच्या हाती घर दिले, आणि त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. तुम्हीही पुढच्या रविवारी विहारात आलात की आपली थैली सोबत आणा. जिच्यावर तुमचा विश्वास बसेल अशी एक बाई तिथे निवडा आणि आपल्या लेकराला सांगा की आजपासून ही तुझी आत्या.